भिवरेची शेवटची तीन प्रकरणे

॥ श्रीसिद्धेश्वर प्रसन्न ॥

गदग, ता. २ ऑगस्ट १९३१

चि. भगिनी सुंदरम्मा हीस महादेवप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे मी, बनाबाई व दोघी धाकट्या मुली सुखरूप आहोत. तुझी व आमच्या थोरल्या चि. नीलव्वाची खुशाली दर पंधरवड्यास कळत जावी.

जिनिंग फॅक्टरीत सध्या काम बेताचे आहे, म्हणून सवडीने लिहितो. नीलव्वाला पुन्हा शाळेत घालावे असे तू लिहितेस. गेल्या वर्षी सोलापुरात लष्करी कायदा झाला तेव्हा तिला काढली, ते एका परीने बरेच झाले. आता दप्तर घेऊन रस्त्याने हिंडायचे तिचे वय राहिले नाही. तू घरी शिकवतेस ते पुष्कळ आहे. शेजारच्या विणकराची नरसम्मा आणि मिलमधल्या जॉबरची वच्छला याही तुझ्यापाशी येऊन बसतात असे कळले. बसू देत. तुला मास्तरीण व्हायची लहानपणापासून हौस, ती आमच्या खर्चाने भागते आहे!

आता मुद्द्याचे. अक्कलकोटच्या चनबसप्पांकडून होकार आला. मुलगा चोवीस वर्षांचा, घरची शेती, दारात बैलजोड्या. पहिली बायको नांदली नाही, त्यात त्याचा काय दोष? नीलव्वाला चैत्रात चौदा पुरी होतील, म्हणजे नव्या कायद्याचीही अडचण नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला आम्ही सगळे सोलापुरास येऊ, तेव्हा साखरपुडा उरकू.

तोवर तिला वळण लावणे तुझ्याकडे. माळ्यावरच्या पेटीत माझी तांबड्या पुठ्ठ्याची भिवरेची कादंबरी आहे. मुलींना ती पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकव. सासरी कसे सोसावे आणि सोसल्याचे फळ काय, हे त्यात जसे आहे तसे कुठे नाही. तुलाही तिचाच उपयोग झाला होता, आठवते ना?

बनाबाई तुला नमस्कार सांगते. कळावे, लोभ आहे तो वाढावा.

महादेवप्पा


॥ श्री ॥

सोलापूर, ता. १६ ऑगस्ट १९३१

तीर्थरूप अण्णा यांचे चरणी सुंदरम्माचे शि. सा. न. वि. वि. येथील क्षेम. तुमचे पत्र पोचले. वहिनींना माझा नमस्कार व मुलींना गोड पापा.

माळ्यावरून पेटी उतरवली तर आधी उंदराचे एक सबंध बिऱ्हाड हलवावे लागले. कादंबरी मात्र शाबूत आहे. मागचा पुठ्ठा तेवढा झुरळांनी कुरतडला आहे. आमची शाळा पडवीत भरते. मी रोज एक प्रकरण मोठ्याने वाचते, मग एकेकीने ते आपल्या शब्दांत सांगायचे. नरसम्मा आधी तेलुगूत पुटपुटून घेते आणि मग मराठीत सांगते, पण चुकत नाही. वच्छलाला सांगताना इतका राग येतो की गोष्ट पुढे सरकतच नाही. ज्या प्रकरणात सासू भिवरेला तापल्या उलथण्याचा चटका देते, ते वाचल्यावर वच्छला म्हणाली की आपुन तितं असतो तर तेच उलथनं हिसकून सासूला लई हाणलं असतं. मी दटावले, पण मलाही हसू आले.

तुमची लेक मात्र हसतही नाही आणि चिडतही नाही. मोजते. तिने वहीत मांडून ठेवले आहे की पहिल्या नऊ प्रकरणांत भिवरा घरच्यांना अठ्ठावीस वेळा जेवायला वाढते आणि स्वतः एकदाच जेवते. मी ही कादंबरी वीस वेळा तरी वाचली असेल. माझ्या हे ध्यानात आले नव्हते.

अण्णा, अशा डोक्याच्या मुलीला चुलीपाशी बसवण्याची घाई कशाला? व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला घरी शिकलेल्या मुलींना खासगी रीतीने बसता येते. पास झाली तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाईल. फॉर्मावर बापाची सही लागते, एवढेच. आणि अक्कलकोटची ती पहिली बायको का नांदली नाही, याची चौकशी केलीत का? आमच्या कासारणीने सांगितले की ती पोर माहेरी आली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. कासारीण दहा घरी दहा गोष्टी सांगते हे मलाही ठाऊक आहे. तरी विचारा.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर रागवा, पण उत्तर लिहा. कृपा असू द्यावी.

सुंदरम्मा


॥ श्री ॥

गदग, ता. १ सप्टेंबर १९३१

चि. सुंदरम्मा हीस अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र वाचून मन विटले. कादंबरी शिकवायला सांगितली ती घास मोजायला नव्हे. दुसऱ्याच्या लेकीबाळींना सासवा हाणायला शिकवलेस तर उद्या त्यांचे बाप माझ्या नावाने बोटे मोडतील. प्रत्येक प्रकरणाचे तात्पर्य पाच ओळींत लिहून घ्यावे, बाकी प्रश्न विचारू देऊ नयेत. दसऱ्याच्या आत पुस्तक संपले पाहिजे. शेवट वाचला की त्यांची डोकी आपोआप ताळ्यावर येतील.

फायनलचा विषय पुन्हा काढू नये. चनबसप्पांसारखे घर कासारणीच्या सांगण्यावरून सोडायला मी खुळा नाही. मुलगा तापट आहे असे मीही ऐकले, पण बाईमाणूस समजूतदार असले की पुरुषाचा ताप उतरतो. तूच याचा दाखला आहेस. स्वतःच्या समजुतीने सासरी परत गेलीस आणि घराण्याचे नाव राखलेस, हे मी आजही चार लोकांत सांगतो.

प्रकृतीस जपावे. लोभात अंतर नाही.

महादेवप्पा


॥ श्री ॥

सोलापूर, ता. २७ सप्टेंबर १९३१

ती. अप्पा यांचे चरणी नीलव्वाचा साष्टांग नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. अव्वाला नमस्कार, छोट्यांना माझी आठवण सांगावी.

अप्पा, तुम्हाला एक गंमत कळवायची आहे. गुरुवारी भिवरेची कादंबरी संपली. तेविसाव्या प्रकरणात भिवरेचा बाप तिला सासरी परत पोचवतो, ती उंबरा ओलांडून आत जाते आणि दार लागते. बस्स. आत्या म्हणाली की पुढे सासूला पश्चात्ताप होऊन भिवरेचे सोने झाले. मी विचारले की हे छापले कुठे आहे? आत्या म्हणाली की छापलेले नाही, पण तुम्ही तिला तसे सांगितले होते. वच्छला रुसून बसली. तिचे म्हणणे की ह्यो शेवट न्हाईच, कुणीतरी अर्ध्यात उठून गेल्यासारकं हाय.

नरसम्मा पुस्तक उलटेसुलटे करून पाहत होती. जिथे झुरळांनी मागचा पुठ्ठा खाल्ला आहे, तिथे तिला आत छापलेली अक्षरे दिसली. तिने वास घेतला आणि म्हणाली की ही खळ आहे. तिच्या घरी मागाच्या सुताला ताठ करायला रोज खळ लावतात, म्हणून तिला बरोबर कळले. खळ वाफेने सुटते हेही तिलाच ठाऊक. मग आम्ही चुलीवर पातेले ठेवून त्याच्या वाफेवर पुठ्ठा धरला. आत्या नको नको म्हणत होती, कारण पुस्तक तुमचे. पण वरचा कागद सुटला आणि आत बारा पाने निघाली! फक्त कडांना खळ होती, मधली अक्षरे एकही पुसलेली नाहीत. अजून तीन प्रकरणे आहेत, अप्पा. चोवीस, पंचवीस आणि सव्वीस.

आम्ही वाचा वाचा म्हणून ओरडलो, पण आत्याने पाने हातात घेतली आणि उभ्या उभ्या मनातल्या मनात वाचली. मग त्या दोघींना घरी जा म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. दोन दिवस नीट जेवलीही नाही. आमच्या हातून पुस्तक बिघडले म्हणून रागावली असेल का? ती पाने कुणी चिकटवली असतील, तुम्हाला काही माहीत आहे का?

तुमची आज्ञाधारक

नीलव्वा


सोलापूर, ता. २८ सप्टेंबर १९३१

महादेवप्पा,

मायना घालायला दोनदा टाक उचलला, हात चालला नाही. लहानपणी मी तुला तू म्हणत होते, आजपासून पुन्हा तेच म्हणणार आहे.

नीलव्वाने काल तुला पत्र टाकले. मी जेवले नाही असे तिने लिहिले असेल. पोर चुकली. तिच्या माघारी जेवले, आणि रागाच्या भरात रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

एकोणीसशे सहा साली श्रावणात मी मैंदर्गीहून, सासरहून, माहेरी आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि माझा उजवा हात मोडलेला होता. वैदूने कामट्यांत बांधला होता. तू रोज दुपारी माझ्या उशाशी बसून ही कादंबरी वाचायचास, कारण मला तेव्हा जोडाक्षर आले की अडायला व्हायचे. किती छान वाचायचास! भिवरा रडली की तुझा आवाज जड व्हायचा. तेविसाव्या प्रकरणाला पुस्तक मिटलेस आणि सांगितलेस की पुढे सासूचे मन पालटले, नवरा सुधारला, भिवरेचे सोने झाले. बाबा मला परत जा असे एकदाही म्हणाले नव्हते. आईने तर मला न पाठवण्याचे मनाशी ठरवले होते. मी आठ दिवस विचार केला. भिवरेला जमले ते मला का जमू नये? नवव्या दिवशी मीच म्हणाले की मला पोचवा. सगळ्यांनी माझे कौतुक केले. सर्वांत जास्त तू. टांग्यात माझे बोचके तूच ठेवलेस.

बारा वर्षे, महादेवप्पा. डावा कान गेला. सातव्या महिन्यात मूल गेले, त्याचे तोंडही मला पाहू दिले नाही. सवत आली. नवरा इन्फ्लुएंझात गेला तेव्हा मी सुटले असे मनात आले आणि त्याबद्दल मी वर्षभर स्वतःला पापी म्हटले. त्या बारा वर्षांत मी रोज मनाला विचारत होते की सासूचे मन का पालटत नाही. उत्तर एकच मिळायचे, की मी भिवरेइतकी चांगली नाही.

आता भिवरेचे काय झाले ते ऐक. तुला ठाऊक आहे, तरी माझ्याकडून ऐक. चोविसाव्यात ती सहा महिन्यांनी ते घर सोडते. माहेरी येत नाही, नाशकाला मावशीकडे जाते आणि सुईणपण शिकते. पंचविसाव्यात तिचा बाप तिच्या दारात येतो. ती त्याला पाणी देते, घोंगडी टाकून बसवते आणि घरी यायला नाही म्हणते. सव्विसावे प्रकरण सबंध मुलींच्या बापांसाठी लिहिले आहे. ज्या तीन प्रकरणांसाठी त्या भल्या माणसाने बाकीची तेवीस लिहिली, तीच तू पुठ्ठ्यात घातलीस. आणि ती तरी कशाने? डिंकाने चिकटवली असतीस तर झुरळे फिरकली नसती आणि मी तशीच मेले असते. सोलापूरचा माणूस, शेजारी माग, हाताशी खळ, तीच फासलीस.

पण याहून जास्त मला दुसरे जाळते. तेच पुस्तक तू आता तुझ्या लेकीसाठी काढलेस, आणि ते माझ्या तोंडून वाचवून घेतलेस. मी तिच्या उशाशी बसून महादेवप्पा झाले असते आणि मला कळलेही नसते.

आज सकाळी मी तिघींना तीनही प्रकरणे मोठ्याने वाचून दाखवली. अक्कलकोटला नकार कळव.

सुंदरम्मा


॥ श्री ॥

गदग, ता. ६ ऑक्टोबर १९३१

सुंदरम्मा हीस आशीर्वाद.

वडील भावाला मायन्याशिवाय, एकेरीत लिहिलेले पत्र आमच्या घराण्यात आजवर आले नव्हते. तरी मी शांतपणे लिहितो.

पाने मी चिकटवली, हे खरे. फाडून टाकली असती तर आज हा प्रसंग नव्हता, पण ते पुस्तक मला शाळेत इन्स्पेक्टर साहेबांच्या हातून बक्षीस मिळालेले. फाडायला हात धजला नाही. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. माझे लग्न ठरत होते. घरात नांदत नसलेली बहीण आहे असे कानावर जाताच बनाबाईच्या वडिलांनी लग्नाच्या याद्या अडवून धरल्या. तू परत गेलीस तरच मांडव पडेल असा निरोप त्यांनी माझ्याजवळ दिला. बाबांना मी तो सांगितला नाही. त्यांना ते सोसले नसते. मी सगळ्यांचेच बरे पाहिले.

आणि तुला ढकलले कुणी? बाबांनी नाही, आईने नाही, मीही तोंडाने कधी जा म्हटले नाही. तू आपल्या पायांनी गेलीस. एका गोष्टीच्या पुस्तकावरून माणूस आयुष्याचा निकाल लावते, याला मी काय करणार? सुईणपण शिकून नाशकात एकटी राहणारी बाई कादंबरीतच असते. तुझे खरेच हाल झाले, याचे मला वाईट वाटते. तुला अठरा सालापासून मी अंतर दिलेले नाही, हे तरी आठव.

पुस्तक जाळून टाक. वर्ग बंद कर. दिवाळीनंतर मी येऊन नीलव्वाला इकडे आणतो, साखरपुड्यापर्यंत ती आपल्या आईजवळ राहील. अक्कलकोटचे ठरले ते ठरले.

यातले बनाबाईला काही ठाऊक नाही. तिच्या माहेरचा विषय आहे, तिला उगाच दुखवू नये.

महादेवप्पा


सोलापूर, ता. ११ ऑक्टोबर १९३१

महादेवप्पा,

म्हणजे तुझ्या मांडवासाठी. पंचवीस वर्षे मला वाटत होते की निदान नशिबाने मला मारले. नशिबाचा काही संबंध नव्हता. तुला बाशिंग बांधायची घाई झाली होती.

मी आपल्या पायांनी गेले, हे तू लिहिलेस ते मी चार वेळा वाचले. हो, गेले. आंधळ्याला विहिरीचा रस्ता दाखवायचा आणि मग म्हणायचे की चालला तर तोच! आणि ती गोष्टच होती तर तू तिला एवढा का भ्यालास? तिच्यातली बारा पाने एका सोळा वर्षांच्या पोरीच्या हाती लागली तर ती परत जाणार नाही, हे तुला पक्के माहीत होते. आम्हा सगळ्यांत त्या पुस्तकाची खरी किंमत एकट्या तुला कळली होती.

वहिनीच्या वडिलांनी याद्या अडवल्याचा निरोप बाबांना सांगितला नाहीस, कारण बाबा म्हणाले असते की मोडू दे लग्न. त्यांना सोसले नसते म्हणतोस? ते गेले तेव्हा मी शेजारी होते. शेवटपर्यंत मला विचारत होते की तू का गेलीस गं.

कासारणीवर विसंबू नये म्हणालास, म्हणून गेल्या रविवारी मी त्या पोरीच्या माहेरी, तिऱ्ह्याला, जाऊन आले. अक्कलकोटच्या त्या पहिल्या सुनेचे नाव फुलाबाई. सतरा वर्षांची आहे. कासारीण खोटे बोलली, दोन नाही, तीन दात गेले आहेत. हसायची वेळ आली की पदर तोंडावर घेते. तिचा बाप मेंढरे राखतो, अडाणी माणूस. त्याला मी विचारले की लेकीला परत का पाठवली नाहीत, लोक बोलत असतील. तो म्हणाला की लोकांचं काय घिऊन बसलाय, पोर माजी हाय न्हवं. त्याने एकही पुस्तक वाचलेले नाही, बक्षीस तर लांबच.

मला अंतर दिले नाहीस ते खरे. दोन वेळचे अन्न आणि पडवी दिलीस. त्याबद्दल मी तेरा वर्षे तुला तीर्थरूप लिहिले, फिटले असेल.

पुस्तक जाळणार नाही, वर्ग बंद करणार नाही. नीलव्वाला न्यायला अवश्य ये, मी दार अडवून बसणार नाही. तिने तुला विचारले होते की पाने कुणी चिकटवली. मी अजून तिला सांगितलेले नाही. ते तू तुझ्या तोंडाने सांग आणि मग तिला टांग्यात बसव. फायनलचा फॉर्म सोबत ठेवला आहे.

वहिनीवर माझा राग नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती, तिला कुणी काय विचारले असेल? पण तिला ठाऊक असलेच पाहिजे. माझी पत्रे तिला तूच वाचून दाखवतोस. हे पत्र तिला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखव. का माझ्या पत्रांनाही खळ लावतोस?

सुंदरम्मा


॥ श्रीसिद्धेश्वर प्रसन्न ॥

गदग, ता. २५ ऑक्टोबर १९३१

वन्सं सुंदरम्मा यास्नी बनाबाईचा नमस्कार. हे पत्र आमच्या हितल्या स्टेशनमास्तरांच्या बाई लिवत्यात. मिरजेच्या हायत. त्यांना मी सांगितलंय, बाई, मी बोलतीय तसंच लिवा, सुदरू नगा.

तुमचं पत्र आलं त्या दिशी मी चुलीपाशी हुते. ह्यांनी उभ्यानं वाचून दावलं. सगळी खुशाल हायत, पोरीचा अभ्यास बरा हाय, दसऱ्याचा नमस्कार, बस. मी वर बघितलं तर कागद दोनी अंगानं गच्च भरल्याला. एवडा कागद वाचून झाला तवर माजी तव्यावरची भाकरी बी उलटायला आली न्हवती. तवाच मला कळलं. मला अक्षर येत न्हाय, पर भाकरीला किती येळ लागतो ते येतं की.

दुसऱ्या दिशी हे फॅक्टरीत गेल्यावर कोटाच्या खिशातनं पत्र काडलं आन ह्या बाईंकडं आले. आदीची बी सापडली, ती बी आनली. समदी वाचून घेतली. तुमचं दोनदा वाचून घेतलं. बाई वाचता वाचता थांबल्या, मी म्हनलं थांबू नगा.

माज्या लग्नात नणंद कुटं हाय म्हनून मी सासूबाईस्नी इचारलं हुतं. त्या तोंड फिरवून म्हनल्या की ती सासरी लई सुकात हाय, तिला सवड न्हाय. मी नवी नवरी, मला वाटलं नणंद गर्वाची हाय. वन्सं, मी तुमच्यावर कैक वरसं मनातनं राग धरला. ज्या मांडवापाई तुमचा कान गेला त्या मांडवात मी हळद लावून हसत बसले हुते. माज्या बापानं याद्या अडवल्या ते मला कुनी सांगितलं न्हाय. आज बाप असता तर त्याला उंबऱ्यात उबा करून इचारलं असतं. तुमची माफी कशी मागू ते मला उमगंना.

सांजच्याला मी ह्यांच्या म्होरं पत्र ठेवलं. आदी लई चिडले. खिशाला हात का लावला म्हनले. मी म्हनलं, पंचवीस वरसं मी तुमच्या डोळ्यानं वाचत आले, एक दिस मी दुसऱ्याच्या डोळ्यानं वाचलं तर एवडं काय झालं? आजवर कुनाकुनाची किती पत्रं मला अर्दी सांगितली? माजी आई आजारी हुती तवाचं पत्र पुरं वाचलं हुतं का? त्ये खाली बघत बसले. तवापासनं माज्या डोक्यात आग हाय. व्हय, माजी आई मला न बघताच गेली, वन्सं. पत्रात काय हुतं ते आता कुनाला ठावं?

अक्कलकोटला नकार गेला. पत्र ह्यांनी लिवलं. मी ते ह्या बाईंकडनं वाचून घेतलं आन मगच पेटीत टाकलं. फारमावर बी सही झाली, सोबत हाय. नीलव्वाला हितं आनायचं न्हाय. पानं कुनी चिकटवली ते सांगायला त्ये यायचं न्हाईत म्हनत्यात. मी म्हनलं, तुमी याल तवा सांगा, पर सांगितल्याबिगर तुमाला त्या घरचं पानी न्हाय.

दिवाळीच्या आदल्या दिशीच्या गाडीनं मी दोगी पोरीस्नी घिऊन सोलापूरला येतीय, आन ऱ्हानार हाय. हितं जेवनाची सोय त्ये आपली आपन बगतील. तुमच्या वर्गात मला पोरींच्या मागं बसवा. वच्छला हसली तर हसू द्या, ती नरसम्मा मला पाटीवर अक्षर गिरवून दील. माजं वय एकूनचाळीस हाय, डोकं जड हाय, पर मी उठनार न्हाय.

लोभ ठेवा म्हनायला मला तोंड न्हाय, तरी बी ठेवा.

आन एक. ह्या बाई तुमच्या पत्रातलं भिवरेचं म्होरचं वाचाया लागल्या तवा मी कानावर हात ठेवले, तेवडंच ऐकलं न्हाय. तुमी बी सांगू नगा, पोरीस्नी बी सांगू देऊ नगा. ती तीन प्रकरनं माजी मी वाचीन.

बनाबाई